पन्हा विचारणारे भामरे सर

भामरे सर मी पहिल्यांदा पाहिले ते फरशीवर उताणे पडलेले. डोळे मिटलेले, हात अंगापासून जरा लांब, चपला काढून भिंतीशी नीट लावून ठेवलेल्या. भोवती पाचवीची पोरं-पोरी उकिडवी बसलेली आणि एक सडपातळ मुलगी खडूनं त्यांच्या अंगाच्या कडेकडेनं रेघ ओढत चाललेली. गोडादऱ्याच्या मराठी शाळेत तो माझा पहिला दिवस. हेडसर मला वर्ग दाखवत फिरत होते. दारात आले आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं.

“भामरे, अहो काय झालं?”

सरांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. “हलवू नका साहेब, रेघ चुकंल. क्षेत्रफळ चाललंय.”

रेघ पुरी झाली तसे ते जपून उठले. खाली फरशीवर त्यांचा आकार राहिला, बुटका, पोट सुटलेला, एक कान मोठा. त्या आकाराखाली आधीच वीत-वीतभराचे चौकोन आखून ठेवलेले होते. पोरं मोजायला लागली. चौकोन अर्ध्याहून जास्त भरला तर धरायचा, कमी भरला तर सोडून द्यायचा. एका पोरानं पायाची बोटं गाळली तर सर त्याच्यावर रागावले. “माझी बोटं कुठं गेली? रात्री उंदरानं खाल्ली का?” वर्ग हसला, मीही हसले. हेडसर मात्र हसले नाहीत. बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाले, “गणिताला माणूस चांगला आहे, पण जरा असाच आहे.”

मी वर्ध्याकडची. नवऱ्याचं काम सुरतेत बांधकामावर, म्हणून मी इथं. मी मराठी शिकवायची, आणि आमच्या शाळेत मराठी शिकवणं म्हणजे वेगळंच प्रकरण होतं. घरी पोरं अहिराणी बोलायची, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती, आणि पुस्तकातली मराठी त्यांना पाहुण्यासारखी वाटायची. बहुतेक घरं खानदेशातली. बाप लूमवर, आई घरी बसून साडीचे धागे कापणार नाहीतर टिकल्या चिकटवणार. शाळेच्या भिंतीला लागूनच लूमचं खातं, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना होता. दिवसभर खटखट. नवीन माणसाला डोकेदुखी व्हायची, आमच्या पोरांना मात्र खटखट थांबली की चुकल्यासारखं वाटायचं. वीज गेली आणि लूम बंद पडले की अख्खा वर्ग मान वर करून बघायचा.

त्या आवाजावर सर आवाज चढवत नसत. ते थांबायचे. बोट वर करायचे, दोन क्षण गप्प राहायचे, आणि मग अगदी हलक्या आवाजात बोलायचे. पोरांना ऐकायला पुढं सरकावंच लागायचं. वर्षाच्या शेवटी त्यांचा वर्ग फळ्याच्या पायथ्याशी गोळा झालेला असायचा आणि मागचे बाक रिकामे. मी ती युक्ती माझ्या तासाला करून पाहिली. पोरं पुढं सरकली नाहीत, झोपली.

सर शिरपूरकडचे. त्यांचं बाकीचं मला फारसं माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. उमेदीची काही वर्षं त्यांनी लूमवर काढली होती एवढं ऐकून होते. वरच्या खिशात सुतळीचा गुंडा असायचा, मीटरमीटरला गाठ मारलेला. खडू कानावर. खडूनं केस पांढरे झालेत की वयानं, ते कळायचं नाही. डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा, आणि ती भाकरी मोडतानासुद्धा माणूस गप्प बसायचा नाही. “बाई, हे बघा. आता हे अर्धवर्तुळ झालं. आता हे पाव.” मी म्हणायची, “सर, आधी खा, मग मोजा.” तर म्हणायचे, “खाल्ल्यावर काय मोजू?”

त्यांचं एकच वेड होतं. जोडून झालेल्या आकृत्यांचं क्षेत्रफळ. आयताला त्रिकोण चिकटवलेला, चौकोनातून अर्धवर्तुळ कापून घेतलेलं, एल आकाराची खोली, घराचा कौलारू आकार. पुस्तकात त्याला एक छोटासा धडा होता. इतर शिक्षक तो दोन तासांत उरकायचे. सर त्याच्यावर महिना घालवायचे. सुताची शंकूसारखी रिळं ज्यातून येतात ते खोके लूमवरून मागून आणायचे आणि त्यांच्या पुठ्ठ्यातून आकार कापायचे. “आधी तोडा, मग मोजा, मग जोडा.” हे वाक्य त्यांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलं की मला त्याचा वीट आला होता. मी एकदा चिडून विचारलंही, “सर, ह्या पोरांना पुढं जाऊन अर्धवर्तुळं कुठं मोजायची आहेत?”

ते म्हणाले, “बाई, पुस्तकातला आयत यांना कुणी देणार आहे का? यांना जे मिळंल ते वाकडंतिकडंच मिळंल. वाकडं पाहिलं की घाबरायचं नाही, एवढं तरी यायला पाहिजे.”

मी डबा बंद केला.

त्यांना पोरं मागून ‘पन्हा सर’ म्हणायची. त्याचं कारण मी स्वतः पाहिलंय. फळ्यावर एल आकार काढला होता. एक तुकडा आठ मीटर लांब, तीन रुंद. त्याला चिकटलेला दुसरा, चार लांब, दोन रुंद. क्षेत्रफळ किती? साऱ्या वर्गाचं उत्तर एकच, बारा मीटर. आठ आणि चार बारा. एकानं चुकावं तर समजू शकतं, पण सगळ्यांचं एकच चुकीचं उत्तर. सरांना वाटलं, एकमेकांचं बघून लिहिलंय. त्यांनी पुन्हा वेगळे आकडे दिले. पुन्हा तेच, नुसत्या लांब्यांची बेरीज. रुंदीला कुणी हातच लावला नव्हता. सर चिडले. पाठीवर धपाटे बसले असतील दोघा-तिघांच्या. मग ते एकदम थांबले आणि खुर्चीवर बसून स्वतःशीच हसायला लागले.

“बाई, इकडं या,” मी व्हरांड्यातून बघत होते, मला त्यांनी हाक मारली. “यांची चूक नाही. अहो, ही लूमची पोरं. यांच्या घरी कापड मीटरवर मोजतात. तागा किती, एवढे मीटर. बापाची मजुरी मीटरवर. रुंदी कोण मोजतंय? पन्हा तर मशीनवर ठरलेला. जन्मापासून यांनी कापडाची फक्त लांबी ऐकलीय.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात दोन वस्तू आणल्या. एक साडी, कुठल्याशा बाईकडून मागून आणलेली, आणि एक लांबलचक नाडी, परकराला घालतात ती. दोन्ही पोरांकडून मोजून घेतल्या. दोन्ही बरोबर तेवढ्याच लांब.

“आता सांगा. ही साडी तुझी आई नेसती. ही नाडी तुझ्या आईला नेसता येईल का?”

वर्गात असा हशा पिकला की बाजूच्या वर्गातले गुरुजी बघायला आले. सर गंभीर. “हसू नका. लांबी सारखीच आहे. मग येत का नाही?”

पहिल्या दिवशी खडूनं रेघ ओढणारी ती सडपातळ मुलगी उठली. कल्पना तिचं नाव. ती सावकाश म्हणाली, “पन्हा नाही म्हणून.”

“बस खाली,” सर म्हणाले. त्यांच्याकडून एवढंच कौतुक मिळायचं. पण त्या दिवसापासून कुणी कसलंही उत्तर दिलं की त्यांचा प्रश्न ठरलेला, “आणि पन्हा?” मैदान किती लांब? आणि पन्हा? बाक किती लांब? आणि पन्हा? हळूहळू वर्ग त्यांच्या आधीच ओरडायला लागला. मी मराठीच्या तासाला एकाला नदीवर निबंध वाचायला लावला. ‘तापी नदी खूप लांब आहे’ हे त्यानं म्हटलं मात्र, मागून चार-पाच आवाज आले, “आणि पन्हा?” मी ओरडले त्यांच्यावर, पण मनातून मला बरं वाटलं.

कल्पना हुशार होती. हुशार म्हणजे पाठांतरवाली नव्हे. वाकडी आकृती दिली की ती आधी काही लिहायचीच नाही, डोकं एका बाजूला कलवून बघत बसायची. मग एकच रेघ मारायची, आणि ती नेमकी जिथं पाहिजे तिथंच असायची. सर म्हणायचे, “हिला तोडायचं कुठं ते दिसतं.” बाप बमरोलीच्या लूमवर रातपाळीला. आई टिकल्या लावायची. घरात पाठची भावंडं. अशा घरातून मुलगी सातवीपर्यंत येते हेच नवल होतं, आणि सरांनी मनाशी धरलं होतं की ही सातवी पास होईल, नंतर हायस्कूलला जाईल, शिक्षिका होईल. ते तिला हे कधी बोलले नाहीत. मला बोलले होते. “बाई, आपल्या जागी असं कुणीतरी यायला पाहिजे ना. ज्याला पोरं बारा मीटर का म्हणतात ते कळंल.” आमच्या भागात मराठी सातवी फक्त आमच्याच शाळेत. हा वर्ग होता म्हणून मुली येत होत्या. घरापासून हाकेच्या अंतरावर, आईला खिडकीतून शाळेचं फाटक दिसायचं.

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेग आला आणि सगळी वस्ती गावाकडं पळाली. लूम बंद, रस्ते रिकामे. शाळा उघडली तेव्हा बरीच पोरं परत आलीच नाहीत. काहींचे बाप गावीच थांबले, काहींनी पोरांना आजोळी ठेवलं. वर्ग अर्धेमुर्धे झाले. सरांनी त्यालाही उपाय काढला. “पोरं कमी आहेत, तर मोठं काम करू.” त्या पुढच्या वर्षी त्यांनी सातवीला अख्ख्या शाळेचं क्षेत्रफळ काढायला लावलं.

आमची शाळा म्हणजे जोडून झालेल्या आकृतीचाच नमुना. इमारत एल आकाराची. कोपऱ्यात लिंबाच्या झाडाभोवती अर्धगोल ओटा. मागं गटाराच्या बाजूनं कुंपण तिरपं गेलेलं, तिथं मोठा त्रिकोण. पोरं सुतळी घेऊन आठवडाभर शाळाभर फिरत होती. आम्ही शिकवत असलो तरी पायाखालून सुतळी सरकायची. “बाई, पाय उचला.” मी पाय उचलायची. शेवटी व्हरांड्याच्या लांब भिंतीवर गेरूनं पूर्ण नकाशा काढला, कल्पनानं. कुठं तोडलं, कुठला तुकडा किती, सगळं. खाली एकूण, आणि त्यापुढं ‘चौरस मीटर’, ठळक अक्षरात. सरांनी तीन वेळा स्वतः तपासलं. कुठंच चूक नव्हती. त्या दिवशी त्यांनी सगळ्या शिक्षकांना चहा पाजला आणि स्वतः बशीतून फुर्रकन पीत भिंतीकडं बघत राहिले.

मग कचेरीतून साहेब आले, तपासणीला. दरवर्षी येतात तसेच. चांगला माणूस होता, उगाच खोटं का बोलू. व्हरांड्यात थांबला, चष्मा वर केला. “आ कोणे कर्युं?” हेडसरांनी कल्पनाला पुढं केलं. तिनं छडी घेऊन सगळं समजावून सांगितलं, मराठीतून, मग साहेबांना कळावं म्हणून गुजरातीतून. साहेबांनी मध्येच अडवून विचारलं, ओटा का धरला? तर म्हणाली, “वर्ग भरतो ना तिथं, उन्हाळ्यात.” साहेब खूश झाले. “बहु सरस, बहु सरस.” आणि खिशातून डायरी काढून भिंतीवरचा आकडा उतरवून घेतला. सर दाराशी उभे होते. मी त्यांचा चेहरा बघितला. इतकं समाधान मी त्या माणसाच्या तोंडावर त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिलं नाही.

दिवाळीनंतर हुकूम आला. मराठी शाळेची पटसंख्या कमी, त्या मानानं जागा फार. तेव्हा एलची एक बाजू दुसऱ्या माध्यमाला द्यावी, आणि मराठी सहावी-सातवी खाडीपलीकडच्या शाळेत हलवावी. जागेचं क्षेत्रफळ हुकुमात लिहिलं होतं. भिंतीवरचाच आकडा.

हेडसरांनी कागद सगळ्यांना वाचून दाखवला. मग म्हणाले, “भामरे, थोडं कमी लिहायला काय झालं होतं? ओटा धरायची काय गरज होती?”

सर म्हणाले, “कमी कसं लिहिणार साहेब? पोरीनं बरोबर काढलं होतं.”

मला तेव्हा हेडसरांचा इतका राग आला की सांगू नका. पण आता वाटतं, त्यांचंही खोटं नव्हतं. सगळ्यांनाच कुणावर तरी ओरडायचं होतं.

सर कचेरीत गेले. एकदा नव्हे, सारखे जात राहिले. तासन् तास बाकावर बसवून ठेवत. साहेबांना सांगितलं की ओट्यावर पावसाळ्यात बसता येत नाही, त्रिकोणात गटाराचं पाणी येतं, तेवढं वजा करा. साहेब सभ्यपणानं म्हणाले, “मास्तर, माप तमारी छोकरीनुं ज छे.” हे सर मला परत परत सांगायचे. त्यात रागही नसायचा. “माप आपल्याच पोरीचं आहे बाई. उत्तर बरोबर आलं, हेच झालं ना.” मी म्हणायची, “सर, उत्तराचा काय दोष?” ते मान हलवायचे. त्यांना पटायचं नाही. शिकवलेलं गणित बरोबर सुटलं आणि त्यानंच वर्ग गेला, हे त्यांच्या डोक्यात कुठल्याच बाजूनं बसत नव्हतं.

कल्पनाला हे कळलं तेव्हा तिनं ओल्या फडक्यानं भिंतीवरचा गेरू पुसायचा प्रयत्न केला. गेरू नीट जात नाही. आकडा पसरला, पण वाचता येत होता. सरांनी तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं. “पुसू नकोस. चुकलेलं नाही ते,” म्हणाले.

खाडी म्हणजे काही मोठी नदी नव्हती. पण काळं, वास मारणारं पाणी, त्यावरचा अरुंद पूल, पलीकडं ट्रकांचा रस्ता आणि पुढं अनोळखी वस्ती. मुलगे गेले. मुलींच्या घरी एकच उत्तर, पोर मोठी झाली, इतक्या लांब कशी धाडू. सर संध्याकाळी गल्लोगल्ली फिरायला लागले. मीही काही घरांत गेले त्यांच्याबरोबर. बाहेर बाजेवर रातपाळीचा बाप झोपलेला, आत टिकल्यांचा ढीग, आणि मुलगी दाराआड. सर चौकटीत बसूनच बोलायचे, पाणीसुद्धा मागायचे नाहीत. “तुनी पोर हुशार शे, भाऊ. परीक्षापावत तरी येऊ दे. मी सोता लई जासू, सोता लई यिसू.”

आणि खरंच त्यांनी ते केलं. रोज सकाळी शाळेच्या फाटकाशी उभे राहायचे, मुली जमल्या की रांग करून पुलावरून न्यायचे आणि दुपारी परत आणून सोडायचे. स्वतःही तिकडंच शिकवत होते आता, त्यामुळे ते जमत होतं. रांगेच्या पुढं सर, हातात छत्री, उन्हाळा असो की थंडी. मुली मागं हसत-खिदळत. सुरुवातीला रांग चांगली लांब होती. मग एकीचं लग्न ठरलं. एक आईच्या बाळंतपणाला घरी राहिली ती राहिलीच. एकीला वाटेत कुणी शिट्टी मारली म्हणून घरच्यांनी बंद केलं. मी रोज खिडकीतून बघायची. रांग कमी होत गेली, आणि सर मात्र तसेच पुढं, मागं वळून न बघता, जणू मागं अजून तेवढ्याच आहेत.

शेवटी एकटी कल्पना राहिली. सर पुढं, आणि बऱ्याच अंतरावर ती. परीक्षा जवळ आली होती, थोडेच दिवस काढायचे होते.

एका सकाळी फाटकाशी कल्पनाऐवजी तिचा बाप आला. रातपाळीहून सरळ आलेला, केसांत सुताचे तंतू. मी आतून ऐकत होते. त्यानं आधी सरांच्या पायाला हात लावला, मग म्हणाला, “गुरजी, तुम्ही देवमाणूस शेतस. पन एकटी पोर तुमनासंगे रोज जास. लोके काय काय बोलतस. आमले आठेच ऱ्हानं शे.” त्यांना इथंच, ह्याच लोकांत राहायचं होतं.

सरांनी त्याच्याशी वाद घातला नाही. मला वाटलं होतं, घालतील. निदान परीक्षेचं तरी म्हणतील. कचेरीत एवढं भांडणारा माणूस. पण त्यांच्या डोक्यात ही गोष्ट आलीच नव्हती, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मग म्हणाले, “बरोबर शे भाऊ तुनं.” छत्री बगलेत धरली आणि पुलाकडं चालायला लागले. एकटेच. मी त्या बापाला चार शब्द सुनवायला बाहेर आले होते, पण तो पदपथावर बसून रडत होता, आणि मी तशीच आत परतले.

मी त्या आठवड्यात कल्पनाच्या आईला भेटले, म्हटलं, परीक्षेपुरती मी नेईन. ती म्हणाली, बाई, आता साखरपुडा ठरलाय. विषय संपला.

त्यानंतर भामरे सरांचं काय झालं याचं मला नीट सांगता येणार नाही. म्हणजे झालं काहीच नाही. खाडीपलीकडची मराठी सातवीही पुढच्या वर्षी बंद झाली. त्यांना गुजराती शाळेत टाकलं. गुजराती त्यांना बोलता यायची, पण शिकवण्याइतकी नाही. पोरं त्यांच्या उच्चारांना हसायची. मग हजेरी, मतदार याद्या, लसीकरणाच्या दिवशी रांगा लावणं, असली कामं त्यांच्याकडं आली. मी एकदा भेटायला गेले तर स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसले होते, कानावर खडू नव्हता. मी मुद्दाम म्हटलं, “सर, ही खोली काय वाकडी आहे हो. तोडून मोजायला पाहिजे.” त्यांनी खोलीकडं बघितलंसुद्धा नाही. “असू द्या,” म्हणाले. मला तिथं फार वेळ बसवेना. परत येताना बसमध्ये मी सगळ्या जगावर चिडलेली होते.

ते निवृत्त झाल्याचं मला नंतर कळलं. गावी गेले असतील, असं मी धरून चालले.

पुढं नणंदेच्या मुलीच्या लग्नाला साड्या घ्यायच्या म्हणून मी कापड मार्केटला गेले होते. सुरतेतलं मार्केट म्हणजे मजल्यांवर मजले, दुकानाला दुकान लागून, आणि प्रत्येक दुकानाच्या मागच्या अंगाला घडीवाले बसलेले. आलेला माल मोजायचा, घडी घालायची, पिशवीत भरायचा. मी ज्या दुकानात बसले तिथं मागं पडद्याआड एक म्हातारा माणूस लोखंडी पट्टीवर कापड ओढून मोजत होता. पाठ ओळखीची वाटली. जरा वाकून खिसा बघितला, सुतळी नव्हती. पण एक कान मोठा होता.

“सर?”

त्यांनी वळून बघितलं. ओळखायला वेळ लागला नाही. “बाई, तुम्ही?” उठायला लागले, मी बसवलं. घरी बसवत नाही म्हणून इथं येतो, म्हणाले. मालक चांगला आहे, कामाला मराठी माणसं आहेत, वेळ जातो. मी माझं सांगितलं. मग मी विचारलं, “कल्पनाचं काही कळलं का?”

“ती येते ना इथं,” ते म्हणाले, आणि हातातलं कापड उगाच सरळ करायला लागले. “टिकल्यांचा माल घ्यायला. दोन पोरं आहेत. गठ्ठा मीच काढून देतो तिला.”

“बोलते?”

“पाया पडते. वाकून पडते, गठ्ठा डोक्यावर घ्यायच्या आधी.” ते थांबले. बोट वर केलं, वर्गात करायचे तसं, आणि मला वाटलं, आता हलक्या आवाजात काहीतरी सांगतील. पण ते बोट त्यांनी तसंच खाली घेतलं. “मी म्हणतो, नको पडू. ऐकत नाही.”

मला रडू येत होतं आणि दुकानात रडायचं नव्हतं. मी पदराची टोकं चाळवत बसले.

तेवढ्यात पुढून शेठनं हाक दिली. “मास्तर, केटला मीटर?”

“साडेपाच,” सर म्हणाले.

माझ्या तोंडून निघून गेलं. ठरवून नाही, इतक्या वर्षांची सवय. “आणि पन्हा?”

सरांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, हसतील.

“इथं पन्हा कुणी विचारत नाही, बाई,” ते म्हणाले, आणि कापडाचं पुढचं टोक पट्टीला लावलं.